वायरलेसवर काय बोललं गेलं, हे विचारायचा हक

(कल्याण येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तुमच्यापैकीच काही जणांनी सुचवला. प्रश्न असा होता : अमेरिकेत लोक मोबाईलवर एक ॲप टाकतात आणि पोलिसांचं वायरलेस घरबसल्या ऐकतात. मग कल्याण, डोंबिवली, मुंब्रा, भिवंडीत आपल्याला ते का ऐकता येत नाही? आणि ते ऐकण्याचा हक आपण मागावा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे कायद्याने मनाई आहे, आणि ती आजची नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडं लांब आहे. ते देताना दोन तारखा सांगणार आहे. एक जानेवारी १९९३ ची, दुसरी २६ नोव्हेंबर २००८ ची. या दोन्ही वेळी पोलीस वायरलेसवर काय बोलले, हे लोकांपर्यंत पोहोचलं. पण वेगवेगळ्या वाटेने. त्या दोन वाटांमधला फरक समजला, तर आपण काय मागायचं हे आपोआप कळेल.

आधी यंत्राची गोष्ट. पोलीस ठाणं, गस्तीची गाडी आणि नियंत्रण कक्ष यांना जोडणारं जे जाळं आहे, त्याला आपण वायरलेस म्हणतो, सरकारी कागदात बिनतारी संदेश म्हणतात. महाराष्ट्र पोलिसांचा त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, मुख्यालय पुण्यात. जुनी यंत्रणा अॅनलॉग होती. म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सीवर आवाज जसाच्या तसा हवेत जायचा. त्या फ्रिक्वेन्सीवर लावलेला कुठलाही रिसीव्हर तो आवाज पकडू शकायचा. डिजिटल यंत्रणेत आवाजाचे आकडे होतात, आणि त्या आकड्यांना कुलूप लावता येतं. त्यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. ज्याच्या सेटमध्ये किल्ली आहे, त्यालाच बोलणं कळतं. बाकीच्यांना नुसती खरखर. शिवाय आता ११२ नंबरवर कॉल केला की माहिती गाडीतल्या स्क्रीनवरच जाते. म्हणजे पूर्वी जे मोठ्याने बोललं जायचं, त्यातलं बरंच आता अक्षरांत, गुपचूप पोहोचतं.

आता कायदा. इंग्रजांनी १८८५ मध्ये टेलिग्राफ कायदा केला. १९३३ मध्ये वायरलेस टेलिग्राफी कायदा केला, त्यात परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरला. राज्यकर्त्यांना भीती कसली होती, ते १९४२ मध्ये दिसलं. उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत तीन महिने, आणि नोव्हेंबरमध्ये पकडले गेले. स्वातंत्र्यानंतर सरकार बदललं, कायदा तोच राहिला. घरातल्या साध्या रेडिओलाही ऐंशीच्या दशकापर्यंत लायसन्स लागायचं, घरातल्या मोठ्यांना विचारा. आता दूरसंचार कायदा, २०२३ आला आहे. दुसऱ्याचा संदेश बेकायदा पकडणं, जाळ्यात विनापरवाना शिरणं, याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून स्पष्ट सांगतो. ऑनलाइन स्वस्तात मिळतो म्हणून कुठलाही वॉकीटॉकी मागवू नका. अशा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आहेत. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातले कमी ताकदीचे, मान्यताप्राप्त सेट विनापरवाना चालतात. मदतकार्यात किंवा जुलूसच्या बंदोबस्तात स्वयंसेवकांना सेट द्यायचे असतील, तर फक्त तेच घ्या आणि बिल जपून ठेवा. आपल्या मुलाच्या खिशात सापडलेला चुकीचा सेट ही नुसती तांत्रिक चूक म्हणून सोडली जाईल, असं समजून चालू नका.

ज्याला रेडिओची खरी आवड आहे, त्याने हॅम व्हावं. वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की दूरसंचार विभागाची परीक्षा देता येते. पास झालात की व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्री ने सुरू होणारं स्वतःचं कॉल साइन मिळतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले, तेव्हा हॅमवाल्यांनी निरोप पोहोचवले. हॅम लायसन्समुळे पोलिसांचं बोलणं ऐकायचा हक मिळत नाही, हे लक्षात ठेवा. पण एक मजा बघा. हॅमवर सांकेतिक, अर्थ लपवणारी भाषा वापरायला बंदी आहे. जे बोलायचं ते सगळ्यांना कळेल असं. उघडपणा हाच तिथला नियम.

आता अमेरिकेकडे बघू. तिथे पोलीस रेडिओ ऐकणं ही जुनी रीत. न्यूयॉर्कचा विजी नावाचा छायाचित्रकार १९३८ पासून परवानगीने पोलिसांचा रेडिओ गाडीत ठेवायचा आणि घटनास्थळी कधी कधी पोलिसांच्या आधी पोहोचायचा. पुढे पत्रकार, स्थानिक रहिवासी, नागरी हक्कांचे कार्यकर्ते, सगळे स्कॅनर ऐकू लागले. आता तिथेही कुलपं लागत आहेत. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून टप्प्याटप्प्याने एन्क्रिप्शन आणलं. शिकागोने लोकांसाठी प्रक्षेपण ठेवलं, पण ३० मिनिटं उशिराने. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो शहराने जानेवारी २०२१ मध्ये सगळं बंद केलं आणि लोकांनी आक्षेप घेतल्यावर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. म्हणजे कुलूप लावायचं की नाही हा नुसता यंत्राचा प्रश्न नाही. तो निर्णय आहे, माणसं घेतात आणि बदलूही शकतात.

यात पोलिसांची बाजू आहे का? आहे, आणि ती आपण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. नवऱ्याने मारलं म्हणून एखादी बाई रात्री ११२ वर फोन करते. तिचं नाव, पत्ता, मजला वायरलेसवर सांगितला जातो. तो सगळ्या मोहल्ल्याने ऐकावा का? दुसरं उदाहरण २६/११ चं. टीव्ही चॅनेलांनी कारवाई थेट दाखवली, आणि समोरच्यांचे पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तीच चित्रं बघत होते. कसाबच्या खटल्याच्या निकालात, ऑगस्ट २०१२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत टीका केली. चालू क्षणाची माहिती कुणाचा तरी जीव घेऊ शकते, हे आपल्या डोळ्यांसमोर घडलं आहे.

आपल्या दीनमध्येही या दोन्ही गोष्टी एकाच सूरहमध्ये आहेत. सूरह हुजुरातमध्ये बातमी आली की आधी तपासून घ्या, नाहीतर अजाणतेपणी कुणावर जुलूम कराल, अशी ताकीद आहे. आणि थोडं पुढे, त्याच सूरहमध्ये, एकमेकांची टेहळणी करू नका, असंही बजावलं आहे. तपासा, पण चोरून कान लावू नका. माझ्या मते आजच्या विषयाची चौकट यातच आहे. त्या बाईच्या घरात डोकावायचा हक आपल्याला नको. पण तिने फोन केल्यावर गाडी किती वेळाने आली, हे तपासायचा हक हवा.

आता पहिली तारीख. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. सुमारे ९०० माणसं गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालातले आकडे असे : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, बाकी इतर आणि ओळख न पटलेले. त्या जानेवारीत पोलीस वायरलेसवर जे बोललं गेलं, त्याचा मजकूर पत्रकार तिस्ता सेटलवाड यांनी मिळवून प्रसिद्ध केला. त्यात मुसलमानांबद्दल अर्वाच्य आणि द्वेषाचे उद्गार होते. ते शब्द मी इथे उच्चारत नाही. ज्यांच्याकडून संरक्षण मागायचं, ते आपसात आपल्याबद्दल काय बोलत होते, ते लोकांसमोर आलं. पुढे फेब्रुवारी १९९८ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी सरकारला अहवाल दिला. खालच्या स्तरावरच्या पोलिसांमध्ये मुसलमानांविरुद्ध मुरलेला पूर्वग्रह दिसला, असं त्यांनी लिहिलं आणि ३१ पोलिसांवर ठपका ठेवला.

यातून काय शिकायचं? आपल्या मोहल्ल्यातली आजी म्हणते, "आम्ही फोन केला, कुणी आलं नाही." ती खरं बोलते, पण तिला विचारलं जातं, पुरावा काय? वायरलेसची नोंद हा तो पुरावा असतो. ती पोलिसांच्याच तोंडची गवाही असते. पण १९९३ ची वाट आडवळणाची होती. एका पत्रकाराच्या हाती मजकूर लागला म्हणून आपल्याला कळलं. लागला नसता तर? नशिबावर चालणाऱ्या गोष्टीला हक म्हणत नाहीत.

दुसरी तारीख, २६ नोव्हेंबर २००८. कामा हॉस्पिटलजवळ रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. त्याच गाडीत जखमी होऊन पडलेले पोलीस शिपाई अरुण जाधव वाचले, आणि त्यांनी गाडीतल्या वायरलेसवरूनच नियंत्रण कक्षाला खबर दिली. कामटे हे पूर्व विभागाचे अतिरिक्त आयुक्त. ते तिथे कसे पोहोचले, मदत मागितली होती का, मागितली तर का आली नाही, हे प्रश्न त्यांच्या पत्नी विनिता कामटे यांना पडले. समाधानकारक उत्तर मिळेना. मग त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज केला. नियंत्रण कक्षाच्या कॉलच्या आणि वायरलेस संदेशांच्या नोंदी मागितल्या. टाळाटाळ झाली, त्या मागे हटल्या नाहीत, आणि नोंदी मिळवल्या. त्या नोंदींवरून त्यांनी त्या रात्रीचा क्रम लावला. करकरे यांनी जादा कुमक मागितली होती, हे त्यांनी त्यातून दाखवलं. पत्रकार विनिता देशमुख यांच्यासोबत २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिलं.

ही गोष्ट मी तुम्हाला मुद्दाम सांगतो. वायरलेसचं बोलणं उघड व्हावं ही मागणी पोलिसांच्या विरोधातली आहे, असं कुणी म्हटलं, तर त्याला विनिता कामटे यांचं नाव सांगा. शहीद पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नीलाही सत्य कळायला तीच नोंद लागली. चांगल्या पोलिसाला नोंदीची भीती नसते. उलट त्याने केलेलं काम त्याच नोंदीत टिकतं.

म्हणून माझं मत असं. चालू क्षणाचं बोलणं ऐकायचा हक आपण मागू नये. पण घटना झाल्यावर त्याची नोंद टिकली पाहिजे, ती कुणी पुसू नये, आणि नागरिकाने मागितली की नावं-पत्ते झाकून ती मिळाली पाहिजे. एन्क्रिप्शनबद्दल तक्रार नाही. पण कुलूप लावलं तर किल्ली एका खात्याच्याच खिशात कायमची राहू नये.

आता आपल्या भागाकडे येऊ. ठाणे पोलीस आयुक्तालय १९८१ मध्ये झालं. ठाणे, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर आणि वागळे इस्टेट अशी त्याची परिमंडळं आहेत. डोंबिवली कल्याण परिमंडळात येते. याच जिल्ह्यात ७ मे १९७० ला भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर दंगल पेटली. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि पोलिसांच्या विशेष तपास पथकाच्या एकतर्फी कारभारावर ठपका ठेवला. हे आयोगाला कशावरून कळलं? कागदांवरून, आणि कागदाला दिलेल्या उलटतपासणीवरून. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा जळली. मग १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी, पोलीस शिपाई, सगळे एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. तिथे कुणाकडे स्कॅनर नव्हता. पण अफवा आली की कुणाला विचारायचं हे लोकांना ठाऊक होतं, आणि विचारलं की उत्तर मिळत होतं.

आज अफवेला व्हॉट्सॲप मिळालं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. पोलिसांकडून वेळेवर, खात्रीची माहिती येत नाही, तिथे रिकामी जागा अफवा भरते. म्हणून माहिती देणं हे पोलिसांचंही संरक्षण आहे.

आता कामाचं बोलतो. वही काढा.

पहिलं, कुठलं खातं ते ओळखा. कल्याण किंवा डोंबिवली स्टेशनच्या फलाटावर काही घडलं तर ते लोहमार्ग पोलिसांकडे, ठाणे शहर पोलिसांकडे नाही. टिटवाळा ठाणे ग्रामीण पोलिसांकडे. चुकीच्या दारात अर्ज टाकला की दिवस वाया जातात, आणि रेकॉर्ड तेवढ्यात नष्ट होऊ शकतं.

दुसरं, ११२ ला फोन केलात तर वेळ लिहून ठेवा, कॉलचा स्क्रीनशॉट ठेवा. गाडी आली ती वेळही लिहा.

तिसरं, घटना गंभीर असेल तर त्याच आठवड्यात पोलीस आयुक्तांना पत्र द्या : त्या वेळेतलं वायरलेस आणि ११२ चं रेकॉर्डिंग, नोंदवही आणि सीसीटीव्ही चित्रण जतन करावं. पोच घ्या. नंतर "रेकॉर्ड उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, तर तुमच्या हातात पोच असते.

चौथं, माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. फी १० रुपये. ऑनलाइन पोर्टलवरूनही करता येतो. मजकूर असा लिहा : "अमुक तारखेला रात्री १० ते १२ या वेळेत, अमुक चौक, कल्याण पश्चिम येथील घटनेबाबत पुढील माहिती मिळावी. एक, ११२ वर आलेल्या पहिल्या कॉलची वेळ. दोन, पहिले पोलीस वाहन रवाना झाल्याची व पोहोचल्याची वेळ. तीन, नियंत्रण कक्षातील बिनतारी संदेशांच्या त्या वेळेतील नोंदींच्या प्रती. चार, असे रेकॉर्ड किती काळ जतन केले जाते, त्या आदेशाची प्रत. खासगी व्यक्तींची नावे, पत्ते व मोबाईल क्रमांक झाकून माहिती द्यावी." बस. भाषण नको, आरोप नको.

३० दिवसांत उत्तर यायला हवं. माणूस कोठडीत असेल, जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल, तर ४८ तासांत. नकार आला तर बहुधा कलम ८(१)चे 'जी' किंवा 'एच' पोटभाग दाखवतील, म्हणजे सुरक्षेला धोका किंवा तपासात अडथळा. घाबरू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग खटल्यात २००७ मध्ये सांगितलं आहे की नुसता तपास चालू आहे हे कारण पुरेसं नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून बाकीचा देता येतो. आणि कलम ८(२) म्हणतं की लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. हे लिहून ३० दिवसांत पहिलं अपील करा, नंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

पाचवं, वायरलेस हा एकच कान नाही. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालात प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण १८ महिने ठेवायला सांगितलं. कॅमेऱ्याची ताकद आपण इथेच पाहिली. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात गोळीबार झाला, आणि त्याचं चित्रण घराघरांत दिसलं. ठाण्याच्या आत काय घडलं याबद्दल अफवेला जागाच उरली नाही. तसंच, २०१६ च्या आदेशानुसार, संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर संकेतस्थळावर टाकायचा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे लावायचं आहे. हा फलक तुमच्या ठाण्यात आहे का? महात्मा फुले चौक, बाजारपेठ, कोळसेवाडी, मानपाडा, विष्णूनगर, मुंब्रा. दोघा-दोघांनी जा, अदबीने विचारा, लिहून आणा. त्यातला एक जण बिगरमुस्लिम मित्र असेल तर जास्त चांगलं. हा फक्त आपल्या कौमचा प्रश्न नाही.

आणि एक सामुदायिक मागणी आपण आयुक्तालयाकडे घेऊन जाऊ. वायरलेस आणि ११२ चं रेकॉर्ड किती दिवस ठेवलं जातं ते जाहीर करा. मोठ्या घटनेनंतर ते आपोआप नष्ट होणार नाही असा आदेश काढा. आणि तणावाच्या काळात दर काही तासांनी खात्रीची माहिती तुमच्या अधिकृत खात्यावर मराठीत, हिंदीत, उर्दूत द्या. यात एकही गुपित नाही. कुणाच्याही जिवाला धोका नाही.

कुरआनने न्यायासाठी साक्ष द्यायला सांगितलं आहे, मग ती स्वतःच्या किंवा आपल्या माणसांच्या विरोधात का जाईना. म्हणून नोंद मागताना मनाची एक तयारी ठेवा. कधी कधी ती नोंद सांगेल की गाडी सहा मिनिटांत आली होती, आणि दगड आपल्याच गल्लीतून पडला होता. तेव्हाही ती नोंद तितक्याच मोठ्या आवाजात वाचायची. आपल्याला सोयीची असेल तेव्हाच नोंद हवी असेल, तर उद्या कुणी आपल्या अर्जावर विश्वास ठेवणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने १५० शब्दांचा एक अर्ज लिहून आणायचा आहे. आपण ते एकमेकांचे तपासू आणि त्यातले तीन प्रत्यक्ष दाखल करू.